बाथरूमची फिटिंग्ज आणायला निघण्यापूर्वी

दुकानात जायच्या आधी कागदावर भिंतीचा साधा नकाशा काढा आणि प्रत्येक जोडापाशी लिहा की तिथे कशाला काय जोडायचंय. प्लास्टिकला प्लास्टिक की प्लास्टिकला पितळ, पाणी गरम की गार, जोड भिंतीत गाडला जाणार की हाताशी राहणार? फिटिंग या उत्तरांवर ठरते. ब्रँडचा विचार नंतर.

जुन्या लाइनला जोड द्यायचा असेल तर जुन्या पाइपचा एक तुकडा सोबत न्याच. ‘अर्धा इंच’ हे नुसतं नाव आहे. घरगुती वापराच्या अर्ध्या इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) पाइपचा बाहेरचा व्यास 15.9 मिलिमीटर असतो, तर इंची मापाच्या यूपीव्हीसीचा (साधं कडक प्लास्टिक) 21.3. दोन्हींवर नाव एकच, पण एकाचा एल्बो (वळणाचा जोड) दुसऱ्याला बसत नाही. यूपीव्हीसी गार पाण्यापुरतंच ठेवा. गरम पाण्याला सीपीव्हीसी घेताना पाइपवर छापलेला दाब कुठल्या तापमानाचा आहे तेही वाचा. एसडीआर 11 चा (म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या 11 पट असलेला) पाइप 23 अंशांना 400 पीएसआय (दाबाचं एकक) सोसतो, 82 अंशांना फक्त 100.

आता आट्यांचे जोड. गळती बहुतेक इथेच सुरू होते, तेव्हा पैसे वाचवायचेच असतील तर इथे वाचवू नका. पितळी नळाचे आटे प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये पिळले की प्लास्टिक ताणलं जातं आणि कधी कधी काही महिन्यांनी तडकतं. म्हणून नळ, शॉवर, अँगल कॉक जिथे बसणार तिथे आत पितळी आटे असलेला ब्रास एल्बोच घ्या. घेताना आत बोट फिरवून पाहा. आटे स्वच्छ कापलेले हवेत, पितळ आणि प्लास्टिक यांच्यामध्ये फट नको. मग नळाचा आटा हातानेच फिरवा. अर्ध्या इंचाला बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकी) या आट्यांच्या दोन्ही प्रकारांत इंचामागे 14 आटे असतात, फक्त आट्यांचा कोन वेगळा, 55 आणि 60 अंश. त्यामुळे चुकीची जोडीही सुरुवातीला गोडीगुलाबीने फिरते, मग अडते. पान्याने रेटून ती बसवली तरी गळणारच. टेफ्लॉन टेप आटा आपल्याकडे तोंड करून धरल्यावर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची. रबरी वॉशरवर बसणाऱ्या कनेक्शन पाइपला मात्र टेप लागत नाही, वॉशर तेवढा नवा हवा.

चिकटवायच्या फिटिंगमध्ये पाइप आधी कोरडाच घालून पाहा. सॉकेटच्या (फिटिंगच्या ज्या तोंडात पाइप बसतो त्याच्या) खोलीच्या साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांशावर तो अडकायला हवा. सरळ तळाला गेला आणि खुळखुळायला लागला, तर ती फिटिंग परत ठेवा. सॉल्व्हंट सिमेंट (प्लास्टिकचे जोड चिकटवायचं द्रावण) सीपीव्हीसीला चालणारंच घ्या, डब्यावरची तारीख पाहून. जेलीसारखं घट्ट झालेलं सिमेंट टाकून द्यायचं. ते पातळ करून वापरायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. पाइप सरळ कापायला कटर हवा, आणि कापलेल्या कडेची कूस काढायला बारीक कानस.

एल्बो, टी (तीन तोंडांचा जोड), कपलर (दोन पाइप सरळ जोडणारा) मोजून घ्या आणि वर एखाददुसरं जास्त असू द्या, चिकटवलेला जोड सोडवता येत नाही. युनियन (आट्यांनी उघडता येणारा जोड) आणि व्हॉल्व्ह हात पोचेल अशाच जागी बसतील असं पाहा. आटे घट्ट करावे लागणारी युनियन टाइलमागे गाडणं म्हणजे पुढे टाइल फोडायची सोय करून ठेवणं. गीझरच्या तोंडाला प्लास्टिक थेट लावू नका, मध्ये धातूचा तुकडा किंवा गरम पाण्याचा लवचिक कनेक्टर हवा.

वॉल मिक्सर बसणार असेल तर त्याच्या दोन तोंडांमधलं अंतर आधी मोजा. सहसा ते मध्यापासून मध्यापर्यंत 150 मिलिमीटर असतं, पण मिक्सर हातात आल्याशिवाय ब्रास एल्बो पक्के करू नयेत. टाइल आणि तिच्यामागचा मसाला धरून एल्बोचं तोंड किती बाहेर हवं तेही तेव्हाच कळतं. आत राहिलंच, तर एक्स्टेंशन निपल (तोंडाची लांबी वाढवणारे आट्यांचे तुकडे) लागतील, ते यादीत घालून ठेवा.

जितकी तोंडं तितके ती चाचणीपुरती बंद करायचे आट्यांचे टेस्ट प्लगही घ्या. सिमेंट डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं सुकलं की प्लग लावून लाइन पाण्याने भरा, आतली हवा काढा आणि दाब देऊन प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. चाचणी पाण्यानेच करायची, कॉम्प्रेसरच्या हवेने नाही. दाबलेल्या हवेत प्लास्टिक फुटलं तर तुकडे अंगावर उडतात. गवंड्याला भिंत बुजवायला बोलवायचं ते कागद कोरडा निघाल्यावरच.