अन्नवाटपाआधी खरेदीखत: शिकागोतील क्षेत्रकार्याचा अनुभव

ईश्वरविज्ञान आणि समाजकार्य शिकण्यासाठी अमेरिकेत येणाऱ्या आपल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी अनेकदा कृष्णवर्णीय वस्तीतली मंडळी (चर्च) मिळते. माझे क्षेत्रकार्य शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल भागात झाले. तेथे जाणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, अन्नवाटपाला हात लावण्याआधी त्या वस्तीतल्या घरांच्या व्यवहाराचा इतिहास समजून घ्यावा.

1934 साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे गृहकर्जांना विमा देणाऱ्या सरकारी संस्थेने, कृष्णवर्णीय वस्त्यांतील गृहकर्जांना विमा नाकारला. बँका कर्ज देईनात, तेव्हा या कुटुंबांना सट्टेबाजांकडून, कित्येकदा दुप्पट भावाने, ‘कॉन्ट्रॅक्ट’वर घरे घ्यावी लागली. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याचीच राही आणि एखादा हप्ता चुकला तरी घरासह भरलेला पैसाही बुडू शके. 1968 मध्ये या खरेदीदारांनी कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग उभारली. कॅथलिक धर्मगुरू मॉन्सिन्योर जॉन इगन यांच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) आश्रयाने काम करणारे, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे विद्यार्थी जॅक मॅकनमारा आणि त्यांचे सोबती यांनी नोंदणी कार्यालयाची दप्तरे चाळून सट्टेबाजाने घर कितीला घेतले व कितीला विकले हे शोधून काढले. त्या आकड्यांच्या बळावर लोकांनी हप्ते रोखले. न्यायालयात त्यांना यश आले नाही, तरी शेकडो करार नव्या अटींवर झाले. प्रार्थनेइतकेच हे दप्तर चाळणेही मला श्रद्धेचे काम वाटते.

आमच्या मदतकेंद्रात एक वृद्ध बाई मालमत्ता कराचे बिल घेऊन आल्या. ज्येष्ठांची करसवलत मिळण्यात अडचण एवढीच होती की, घर अजून दिवंगत पतीच्या नावावर होते. वारसनोंद रखडली की काय होते, हे आपल्याकडे सातबारा पाहिलेल्याला सांगायला नको. मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला, वकिलाची वेळ, हे जुळवण्यात उन्हाळा सरला. त्यांना धान्याची पिशवी देऊन पाठवणे अर्ध्या तासाचे काम होते.

शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने येशूपुढे अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला. प्रवचनांत पहिला भाग पुष्कळ ऐकू येतो, दुसरा क्वचितच. फेडरल रिझर्व्हच्या 2022 च्या पाहणीत श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यक (मधोमध येणारी) निव्वळ मालमत्ता सुमारे 2,85,000 डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे 44,900 डॉलर आढळली. हे अंतर दानपेटीने भरणारे नाही. म्हणून क्षेत्रकार्याची जागा निवडताना मंडळीत गृहसल्ला किंवा कायदेशीर मदतीचे काम चालते का हे विचारावे, आणि चालत असेल तर तेच मागून घ्यावे.