ज्येष्ठांना संगणक शिकवताना या चुका टाळा

ज्येष्ठ व्यक्तीला संगणक शिकवताना सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे तिच्या हातातला माउस काढून घेणे. ‘थांबा, मी करून देतो’ असे म्हणत आपण चार क्लिकमध्ये काम उरकतो खरे, पण तिच्या हाताला त्यातले काहीच उमगलेले नसते, आणि पुढच्या वेळी अडले की ती खुर्ची मागे सारून आपली वाट पाहत बसते. शिकवणाऱ्याने आपले हात मांडीवर ठेवावेत आणि शब्दांनी वाट दाखवावी; तीही ‘इथे’, ‘तिकडे’ अशी मोघम नव्हे, तर ‘वर उजव्या कोपऱ्यातली फुली’ इतकी नेमकी. एक मेल पाठवायला पाऊण तास लागला तरी लागू द्यावा.

यंत्राच्या अडचणीला वयाची अडचण समजणे ही चूकही तितकीच सर्रास घडते. डबल क्लिकचेच पाहा. विंडोजच्या मूळ सेटिंगनुसार दोन क्लिक अर्ध्या सेकंदाच्या आत आणि जवळजवळ एकाच जागी व्हावे लागतात. बोटे आखडलेली असली की दुसरा क्लिक उशिरा पडतो. मग फाइल उघडण्याऐवजी तिच्या नावाभोवती चौकट येते, नाव निळे होते, आणि त्यानंतर चुकून दाबलेले एखादे अक्षर जुने नाव पुसून त्या जागी बसते. दुसऱ्या दिवशी ती फाइल ‘हरवलेली’ असते आणि दोष मात्र स्मरणशक्तीला दिला जातो. अशी चौकट दिसताच एस्केप दाबायला शिकवावे आणि माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करावा. मी तर डबल क्लिक शिकवतच नाही. एकदा क्लिक करून एंटर दाबले की फाइल उघडते आणि हात थरथरत असला तरी चुकत नाही.

बोट कळीवर रेंगाळल्यामुळे ‘ककककक’ उमटत असेल, तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये अक्षराची पुनरावृत्ती सुरू होण्याआधीचा अवधी वाढवावा. अक्षरे बारीक वाटत असतील, तर ब्राउझरमध्ये कंट्रोलसोबत अधिकचे चिन्ह दाबावे. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेली व्यक्ती खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी वर करून बसत असेल, तर मॉनिटर थोडा खाली घ्यावा. मान दुखू लागली की शिकण्याची इच्छाही ओसरते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

छापील सूचनांचा कागद हाती देऊन मोकळे होणे हीही चूकच आहे. वही शिकणाऱ्याची, अक्षर त्याचे आणि शब्दही त्याचेच असू द्यावेत. एका आजींनी सेव्हच्या चिन्हाचे छोटे चित्र काढून शेजारी ‘कपाटात ठेवणे’ असे लिहिले होते, आणि त्यानंतर त्यांनी ते कधीही विचारले नाही.

फसवणुकीबद्दल सावध करताना केवळ घाबरवू नये, कारण घाबरलेला माणूस संगणकाला हातच लावत नाही. त्यापेक्षा नेमकी कृती शिकवावी: व्हायरस आल्याचा इशारा देऊन फोन नंबर दाखवणारा संदेश पडदाभर पसरला, तर तो फसवा समजावा, त्या नंबरवर फोन करू नये, ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबून खिडकी बंद करावी, आणि तरीही ती हटली नाही तर पॉवरचे बटण संगणक बंद होईपर्यंत दाबून धरावे. ही कृती त्यांच्याच हातून दोन-तीनदा करवून घ्यावी.