शूटिंग गार्ड शोधायचा तर आधी त्याचे पाय बघा

बास्केटबॉल संघासाठी खेळाडू हेरण्याच्या, म्हणजे स्काउटिंगच्या कामाला लागलो तेव्हा मला वाटायचं, संघातल्या पाचही जागांमध्ये शूटिंग गार्ड शोधणं सगळ्यात सोपं. नावातच शूटिंग आहे, तेव्हा ज्याचे थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, जास्त पडतात तो घ्यायचा. पहिल्या वर्षी ज्या खेळाडूसाठी मी बैठकीत जीव तोडून बोललो, त्याचे थ्री ४३ टक्के पडत होते. करार झाला. दहा-बारा सामन्यांतच लक्षात आलं की हातात बॉल घेऊन तीन-चार ड्रिबल (बॉलचे टप्पे) मारल्याशिवाय त्याचा शॉट लयीत येतच नाही. आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारा खेळाडू, तर असा, की बॉल बहुतेक वेळ त्याच्याच हातात. हा कोपऱ्यात उभा राहायचा, आणि पास आला की याचे पाय अजून सरळच. खेळाडू चांगला होता, आमच्या संघात बसणारा नव्हता. ते मी आधी ओळखायला हवं होतं, कारण ते व्हिडिओत दिसत होतं. मी फक्त बास्केटमध्ये जाणारा बॉल बघत होतो.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की खेळाडूंची यादी उघडण्याआधी आपलाच संघ नीट बघा. बॉल कोणाच्या हातात राहतो? समोरच्या संघातला सगळ्यात अवघड गार्ड कोण अडवतो? आपला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बाहेरून शॉट घेतो, की बास्केटखालीच असतो? या तिन्हींची उत्तरं लिहून काढली की 'चांगला शूटिंग गार्ड' हा मोघम शब्द गळून पडतो आणि नेमकं काय हवंय ते समोर येतं.

दोन टोकांची उदाहरणं घ्या. डिसेंबर २०१६मध्ये क्ले थॉम्पसनने इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले आणि त्यासाठी त्याला ड्रिबल लागले अवघे ११. गोल्डन स्टेट संघात स्टेफन करीशेजारी असाच माणूस लागतो, बॉल न मागता समोरच्याला पळवत ठेवणारा. दुसरीकडे मानू जिनोबिली. १९९९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, थेट ५७वा. सॅन अँटोनियोने त्याला बरेचदा बेंचवरून आणलं, कारण मुख्य खेळाडू विश्रांतीला गेले की बॉल हातात घेऊन खेळ रचणारा कोणीतरी हवा होता. ते काम करत त्याने चार विजेतेपदं बघितली. दोघांची जागा कागदावर एकच. पण त्यांची अदलाबदल केली असती तर दोन्ही संघांची घडी विस्कटली असती.

आता टक्केवारीबद्दल, कारण नवा माणूस हमखास इथेच फसतो. ज्याची खरी कुवत ३६ टक्क्यांची आहे त्याने १०० थ्री मारले, तर त्यातले ४१ पडणं किंवा ३१ पडणं यात काहीच नवल नाही. म्हणजे शंभर शॉट्सवर चार-पाच टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो. चारशे शॉट्स झाले तरी दोन-अडीच टक्के इकडेतिकडे होतातच. तरुण खेळाडूचे थ्री मोजकेच असतात, तेव्हा मी त्याचे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे शॉट) बघतो. १५ फुटांवरून, समोर कोणी नाही, हातांची ठेवण तीच. फ्री थ्रो सातत्याने चांगले असतील तर बाहेरचा शॉट पुढे सुधारेल असं मी धरून चालतो, आणि आजवर या सवयीचा मला उपयोगच झाला आहे.

अंतराचाही हिशेब ठेवा. फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएची समोरून ७.२४ मीटरवर. हा फरक जवळजवळ अर्ध्या मीटरचा. कोपऱ्यात मात्र ६.६० आणि ६.७०, म्हणजे दहाच सेंटिमीटर. एका लीगमधून दुसऱ्या लीगमध्ये खेळाडू आणायचा असेल तर त्याचे थ्री कुठून पडतात याचा नकाशा काढा. कोपऱ्यातून मारणाऱ्याला नवी रेषा जाणवणारही नाही. समोरून मारणाऱ्याला पहिला मोसम जड जाऊ शकतो.

आकडे कमी दिसले म्हणून कोणाला खोडूही नका. डेविन बुकर केंटकी विद्यापीठाच्या संघात एकाही सामन्यात पहिल्या पाचांत नव्हता. दर्जेदार खेळाडूंची तिथे एवढी गर्दी होती की मिनिटं वाटून घ्यावी लागत. तो २०१५च्या ड्राफ्टमध्ये १३वा निवडला गेला आणि दोनच वर्षांत बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ७० गुण करून बसला.

पायांकडे येतो. व्हिडिओ बघताना मी एकच गोष्ट करतो. पास देणाऱ्याच्या हातातून बॉल सुटला की चित्र थांबवतो. बॉल अजून हवेत आहे. त्या क्षणी आपल्या माणसाचे गुडघे वाकलेले आहेत का? तळवे छातीसमोर उघडे आहेत का? पाय बास्केटच्या दिशेला आहेत का? तयार खेळाडू बॉल पकडतो आणि त्याच हालचालीत वर जातो. कच्चा खेळाडू पकडतो, मग वाकतो, मग वर जातो. मधल्या त्या वाकण्यात बचाव करणारा दोन पावलं पुढे आलेला असतो. हात किती सुरेख आहेत हे सगळ्यांनाच दिसतं. पण मोठ्या स्तरावर शॉट मोकळा मिळतो की अडवला जातो, हे बहुतेक वेळा या वाकण्यावर ठरतं.

१८ जून २०१३चा एनबीएच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना बघितला नसेल तर जरूर बघा. पाचेक सेकंद उरलेली, मायामी तीन गुणांनी मागे. हुकलेल्या शॉटचा रिबाउंड मायामीच्या ख्रिस बॉशच्या हातात पडतो आणि त्याचा साथीदार रे ॲलन खाली न बघता उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्यात सरकतो, रेषेच्या बाहेर थांबतो, बॉल येतो, शॉट जातो. बरोबरी. उलट्या पावलांनी कोपरा गाठायचा सराव तो कित्येक वर्षं करत आला होता. मी ती काही सेकंदं फक्त त्याच्या बुटांकडे बघत पुन्हा पुन्हा लावली आहेत.

बचाव बघायला शक्यतो प्रत्यक्ष सामन्याला जा आणि बास्केटच्या मागे बसा. एक पूर्ण हाफ बॉल विसरून एकाच खेळाडूवर नजर ठेवा. सुरुवातीला हे फार अवघड जातं, मान आपोआप बॉलकडे वळते. स्क्रीन आली, म्हणजे समोरच्या संघातला कोणी वाट अडवून उभा राहिला, की तो अंग चोरून निसटतो, की तिथेच अडकतो? एकदा मागे पडल्यावर पुन्हा धावतो का? समोरचा संघ मुद्दाम त्यालाच पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे वळायच्या डावात) ओढतो का? हे शेवटचं मोजून ठेवाच, कारण प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनी त्याच्याबद्दल काय ठरवलंय ते त्यातून आयतं कळतं.

एक तरुण मला आजही आठवतो. सलग चार शॉट हुकले. पाचवा पास आला, समोर मोकळं होतं, त्याने क्षणभरही न थांबता शॉट घेतला. तोही हुकला. पण बॉल रिंगवरून उडायच्या आत तो वळून बचावाला धावत सुटला होता. त्या रात्री माझ्या वहीत मी त्याच्या नावाभोवती गोल केला. आधीच्या दोन सामन्यांत त्याने २०च्या वर गुण केले होते, तेव्हा मी तो गोल केला नव्हता.

दुखापतींची माहिती, जुन्या प्रशिक्षकांशी बोलणं, करार किती वर्षांचा, हे सगळं लागतंच. त्यासाठी संघात जाणती माणसं असतात, त्यांना विचारा. तुमची सुरुवात बहुधा व्हिडिओचे तुकडे कापण्यापासून होईल. ते काम कमी समजू नका, नजर तिथेच तयार होते. आणि अहवाल एका पानाचाच लिहा. त्याच्या तळाशी पाच नावं लिहायची सवय मी लावून घेतली आहे: सामन्याची शेवटची पाच मिनिटं, आपले चार खेळाडू आणि पाचवा हा. खाली एक ओळ, की त्या वेळी हा समोरच्या कोणाला अडवणार. ती ओळ लिहिताना पेन अडखळलं, तर मी अहवाल पुढे पाठवत नाही, त्याचे आणखी दोन सामने बघतो.