सांगली-मिरजेत परिचारिकेची कायम नोकरी: अर्जाआधी हे बघा

जाहिरातीत आधी ‘कंत्राटी’ शब्द शोधा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली नेमणूक ठरावीक मुदतीची असते. अनुभव मिळतो, कायमपण आपोआप नाही. मिरज आणि सांगलीची सिव्हिल रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. म्हणजे जाहिराती वेगळ्या, दोन्हींवर लक्ष ठेवा.

अर्ज अडतो तो बहुधा कागदांवर. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू हवी. मुदत संपली असेल तर नूतनीकरण आजच करा. लग्नानंतर नाव बदललंय? राजपत्राची प्रत जोडा, नाहीतर पडताळणीत गुणपत्रिका आणि आधार जुळत नाहीत. नॉन-क्रिमीलेअरची मुदत जाहिरातीतल्या तारखेशी ताडून पाहा. जात वैधतेला वेळ लागतो, ते काम जाहिरातीची वाट न बघता सुरू करा.

आणि पैसे घेऊन ‘आत लावतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.