बर्डीत बुलेट ट्रेनचं स्टेशन? या चुका टाळा

मुंबई–नागपूर बुलेट ट्रेनचा विषय निघाला की टपरीवर वाद ठरलेला. एक म्हणतो नागपूरच्या मध्यवस्तीत, बर्डीतच (सीताबर्डीत) पाहिजे, दुसरा म्हणतो शहराबाहेर, विमानतळाजवळच्या मिहानकडे न्या. तिसरा शांतपणे चहा संपवून विचारतो, "आहे त्याच स्टेशनात का नाही आणत?"

चूक इथूनच सुरू होते. आपले रूळ 1676 मिलिमीटर रुंदीचे, बुलेट ट्रेनचे 1435चे. फ्रान्सची वेगवान गाडी पॅरिसच्या जुन्या स्टेशनात शिरते, कारण तिथे जुने-नवे रूळ एकाच मापाचे आहेत. जपानमध्ये मापं वेगळी, म्हणून नवे रूळ वेगळेच टाकावे लागले. आपलंही तसंच होणार. सोळा डब्यांची गाडी म्हणजे जवळपास 400 मीटर, फलाट त्याहून थोडा लांब आणि शक्यतो सरळ. बर्डीच्या नकाशावर तेवढी पट्टी ठेवून बघा, मग बोलू.

पण खरी गडबड वेगळीच आहे. मध्यवस्तीत की बाहेर, यावर सगळे भांडतात. उतरल्यावर घरी कसं जायचं, हे कोणी विचारत नाही. जपानच्या ओसाकात बुलेट ट्रेनचं स्टेशन जुन्या स्टेशनापासून दूर, नदीपलीकडे बांधलं. गाडी सुरू झाली 1 ऑक्टोबर 1964ला, आणि मेट्रो तिथे पोचली 24 सप्टेंबरला, आठवडाभर आधी! तैवानच्या ताइनानमध्ये उलटं झालं: गाडी 2007 साली आली, शहराला जोडणारा लोहमार्ग 2011मध्ये. मधली चार वर्षं लोक बस-टॅक्सीवर. शहराबाहेरचं स्टेशन परवडतं. न जोडलेलं नाही परवडत, मग ते बर्डीत का असेना.

मेट्रो जवळ आहे, असं नकाशा सांगतो. आपल्या स्टेशनाचं जुनं तोंड जयस्तंभ चौकाकडे, मेट्रो संत्रा मार्केटच्या बाजूला. दोन बॅगा, एक म्हातारी आत्या आणि संत्र्यांची पेटी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालून बघा. नकाशावरचं बोटभर अंतर गुडघ्यांना किती वाटतं, ते आत्या सांगेल. आराखडा करणाऱ्यांनी ही परीक्षा मे महिन्यात दुपारी दोनला द्यावी.

लोकांना शेवटी विचारणं ही जुनी खोड. दीक्षाभूमीच्या भूमिगत पार्किंगचं काम 2024मध्ये आंदोलनानंतर थांबवावं लागलं. खड्डा खणल्यावर सुनावणी घेऊन काय उपयोग?

आणि पाणी. स्टेशन जमिनीखाली नेऊ, प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यांनी 23 सप्टेंबर 2023ची पहाट आठवावी. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि बर्डीतल्या मोरभवन बसस्थानकात उभ्या बस पाण्यात गेल्या. जिन्याचं तोंड कुठे ठेवायचं, हे वास्तुविशारदाच्या चित्रावरून ठरवू नका. त्या दिवशी भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, ते मोरभवनच्या चहावाल्याला विचारा, आणि पायरी त्याच्या वर बांधा.