साताऱ्यात पाहुणे आले की: एका दिवशी एकच वाट

आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्या चहालाच विचारतात, "कास, ठोसेघर, सज्जनगड, सगळं एका दिवसात होईल ना?" होतं, पण निम्मा दिवस गाडीत जातो. कास यवतेश्वरच्या घाटानं वर, सज्जनगड नि ठोसेघर बोगद्यातून पलीकडे, आणि कृष्णाकाठ पार उलट अंगाला. म्हणून एका दिवशी एकच वाट धरा.

कास फुलांच्या दिवसातच, आधी ऑनलाइन बुकिंग करून आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यात. त्याच वाटेवर सज्जनगड आहे. तिथं दुपारच्या महाप्रसादाच्या वेळेला पोचा, समाधीचं दर्शन घ्या आणि मग पुढे जा.

पण हाताशी एकच दिवस असेल तर मी कृष्णेकडं पाठवते.

उन्हं चढायच्या आत अजिंक्यताऱ्यावर पायी जा. गाडी वर जाते, पण चढताना गाव हळूहळू खाली पसरत जातं, ते गाडीतून कळत नाही. १७०० साली वेढा घालून औरंगजेबानं हा किल्ला घेतला आणि आझमतारा नाव दिलं. ताराराणींच्या फौजेनं तो परत जिंकला, तेव्हापासून तो अजिंक्यतारा. वर मंगळाईचं देऊळ आहे, तिथं टेकून पाणी प्या.

तिथून लिंबची बारामोटेची विहीर. पुण्याच्या रस्त्यानं लिंब फाट्याला आत वळायचं. अकरा ते बाराच्या मध्ये पोचा, ऊन सरळ आत उतरतं आणि तळाचं पाणी हिरवंगार दिसतं. अठराव्या शतकात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. शिलालेख दारातच आहे, घाईत ओलांडू नका. विहीर अष्टकोनी, आणि पायऱ्यांच्या बाजूनं वरून पाहिली तर शिवलिंगासारखी. मधे चक्क छोटा महाल आहे. पावसात पायऱ्या शेवाळतात, मुलांचा हात सोडू नका.

माझ्या आजोबांनी उमेदीत मोट, म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायचं चामड्याचं मोठं भांडं, हाकली होती. त्यांना इथं आणलं, तर ते नक्षी बघेनात. वर मोटांच्या जागी जाऊन उभे राहिले, मोजल्या, आणि म्हणाले, "नाव बारामोटेची, पण मोटा पंधरा आहेत की." मग हातानं दाखवलं: इथं नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, इथं सोंदूर, म्हणजे तिच्या सोंडेचा बारीक दोर, इकडं बैलांची धाव, पाणी वरच्या थारोळ्यात, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडीत, पडून पाटानं पुढं. जिभेनं चुचकारून त्यांनी बैल मागं घेतले, नसलेले बैल. तेव्हापासून पाहुण्यांना मी आधी वर नेते, मग खाली. एवढं पाणी कसं उपसत होते, हे समजल्यावर त्या भिंतींकडं बघणं वेगळं होतं.

जेवण साताऱ्यात परत येऊन करा, थोडं पडा, आणि चारनंतर संगम माहुलीला निघा. कृष्णा आणि वेण्णा इथं मिळतात. घाटाच्या पायऱ्यांवर चपला काढून बसा, देवळं नंतर पाहा. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी इथंच आहे, मुलं ती शोधून काढतात. आणि ताराराणींची समाधीही इथंच आहे. सकाळी ज्यांनी जिंकून घेतलेल्या किल्ल्यावर तुम्ही पाणी प्यालात, त्या इथं नदीकाठी आहेत. अंधार पडायच्या आधी तिथं दोन मिनिटं थांबा.