थ्री-पॉइंटरचा सराव करताय? या चुका टाळा

थ्री-पॉइंटर म्हणजे बास्केटबॉलमध्ये लांबच्या कमानीबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट. तो सतत कमी पडत असेल तर आधी हातावर नाही, जमिनीवरच्या रेषेवर संशय घ्या. नवी मुंबईत नेरूळ, खारघर, सानपाडा या भागांतल्या अनेक सोसायट्यांमध्ये एकाच कोर्टवर बॅडमिंटन, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. रंगारी कमान जागेत बसेल तशी मारून मोकळा होतो. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमाप्रमाणे ही कमान रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून ६.७५ मीटरवर हवी. २०१० पर्यंत ती ६.२५ वर होती. तुम्ही सोसायटीत तिसऱ्याच मापावर हात बसवला, तर वाशीत किंवा ठाण्यात मॅचला गेल्यावर गणित चुकणारच.

रिंगच्या मधोमध ओळंबा सोडा, तिथून टेपने ६.७५ मोजा आणि चार-पाच ठिकाणी खडूने खुणा करा. कोपऱ्यांचं वेगळं आहे. १५ मीटर रुंदीच्या कोर्टवर तिथली रेषा बाजूच्या रेषेपासून ९० सेंटीमीटर आत, म्हणजे मध्यापासून ६.६० मीटरवर असते. तुमचं कोर्ट १३ मीटर रुंद असेल तर कोपऱ्यातून थ्री उरतच नाही, मग तिथे घाम गाळण्यात अर्थ नाही. रिंगची उंचीही मोजा. ती ३.०५ मीटर हवी. कोर्टवर नवा थर चढवला की रिंग तेवढीच खाली येते.

आता खरी चूक. बॉल पोहोचत नाही म्हणून पोरं तो खांद्याच्या जोरावर फेकतात. कोपर बाहेर जातो, बॉल कमरेजवळून उचलला जातो आणि समोरचा बचावपटू तो सहज अडवतो. लांबचा जोर पायांतून यायला हवा. गुडघे सरळ होणं आणि बॉल वर जाणं एकाच लयीत व्हावं. बॉल डोक्यावर नेऊन क्षणभर थांबलात की पायांचा जोर तिथेच संपतो, उरलेलं काम मनगटावर येतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. रिंगपासून दीड मीटरवर उभे राहा, एका हाताने शॉट मारा, मग एकेक पाऊल मागे या. जिथे कोपर फाकायला लागतो, तिथे आजची हद्द. रेषा अजून दोन पावलं लांब असली तरी असू दे. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या स्टीफन करीचे व्हिडिओ पाहून तिथल्या ७.२४ मीटरच्या रेषेमागून सुरुवात करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: शाळेत असताना तोही बॉल खालूनच सोडायचा. वडील डेल करी स्वतः एनबीएतले शूटर. त्यांनी एका उन्हाळी सुट्टीत त्याची सगळी पद्धत बदलायला लावली, आणि त्या काळात त्याला नीट लांबचा शॉटही जमत नव्हता. लहान मुलांच्या हातात पुरुषांच्या मापाचा सात नंबरचा बॉल देऊन तर ही सवय आपणच लावतो. बारा वर्षांपर्यंत पाच नंबर, त्यापुढे मुलींना सहा.

सपाट शॉटचं गणित एकदा समजून घ्या. रिंगचा व्यास ४५ सेंटीमीटर, सात नंबरच्या बॉलचा साधारण २४. बॉल सरळ वरून आला तर पूर्ण ४५ सेंटीमीटर मोकळे. जमिनीशी ४५ अंशांत आला तर त्याच्या वाटेला साधारण ३२. ३० अंशांत आला तर साडेबावीस, म्हणजे रिंगला न घासता आत जाणं शक्यच नाही. म्हणून रिंगच्या पुढच्या कडेवर आपटणारा प्रत्येक शॉट ताकदीअभावी पडलेला नसतो. जोर वाढवण्याआधी उंची वाढवून बघा.

बॉल डावी-उजवीकडे जात असेल तर प्रश्न जोराचा नाहीच. बहुतेक वेळा आधाराच्या हाताचा अंगठा शेवटच्या क्षणी बॉलला ढकलतो. त्या हाताचा पंजा सरळ ठेवून सोडा, दोन दिवसांत फरक कळेल.

पाय न हलवता एकाच जागेवरून शंभर शॉट मारणं मला फारसं पटत नाही. मॅचमध्ये असा निवांत शॉट मिळतो कुणाला? चुकलेला बॉल स्वतः धावत आणा, ड्रिबल करत दुसऱ्या खुणेवर या, आणि दम लागलेला असतानाच मारा.

आणि आपली हवा. घामाने बॉल निसटतो, म्हणून नॅपकिन जवळ हवाच. खाडीकडून जोराचा वारा सुटला असेल त्या संध्याकाळी लांबचे शॉट सोडा, नाहीतर वाऱ्याला सांभाळता सांभाळता हाताची दिशा बिघडते. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा, कुणी न अडवता मारायचा शॉट) आणि जवळचे शॉट घ्या. पावसाळ्यात उघड्या कोर्टवर शेवाळ धरतं. तिथे उडी मारून शॉट घेऊ नका, आधी सोसायटीला सांगून कोर्ट घासून घ्या.